खूण विचारणारी विमल

विमल गेली त्या सकाळी तिचा फोन वाजत राहिला. पडवीत माणसं जमली होती, आत बायका होत्या, तिची थोरली बहीण सिंधूताई भिंतीला टेकून कोणाकडेच न बघता बसली होती, आणि विमलच्या उशाशी पडलेला तो फोन थोडा वेळ गप्प बसे आणि पुन्हा सुरू होई. तो कोणाला बंद करता येईना, उचलायलाही कोणी धजेना. शेवटी मी उचलला. पलीकडे जेलातला बाबू, म्हणजे तिथला कारकून, होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने सांगून टाकलं, "मॅडम, तुमचा तो दसरू इथीच आहे. खूणबी विचारली त्याले. कुऱ्हाड मोहाच्या ढोलीत ठेवली म्हनते, नाल्याच्या अंगच्या मोहाच्या." मी म्हटलं, "मॅडम गेल्या." तो म्हणाला, "कुठी?" "पहाटे गेल्या. हार्ट अटॅक," एवढंच कसंबसं बोललो. तिकडून लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, आणि मग तो हळूच म्हणाला, "काल सांजेलेच फोन कराले पाह्यजे होता मी."

याला आता दीड-दोन महिने होत आले. विमलवर काही लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी दिवाणी बाजूचा वकील. उभा जन्म ब्रह्मपुरीच्या कोर्टात धुऱ्यांची, म्हणजे शेताच्या बांधांची, भांडणं, वाटण्या आणि मोजण्या यांत घालवला. माझे अशील मरतात पण दावा मरत नाही, वारस येतात आणि तारीख पुढे चालू राहते. विमल फौजदारीची. आमची टेबलं शेजारीशेजारी होती, एवढाच काय तो संबंध, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. सकाळी आल्याआल्या ती पिशवी टेबलावर आपटायची आणि विचारायची, "काऊन वकीलसाहेब, सरकला का नाई धुरा अजून?" मी म्हणायचो, "सरकला असता तर मी जेवलो काय असतो?" हा संवाद इतक्या वेळा झाला की बाररूममधले पोरसवदा वकीलही तो आमच्या आधी म्हणून दाखवायचे.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण विमलला खोटी स्तुती आवडली नसती, तेव्हा सांगून टाकतो की ती काही फार मोठी वकील नव्हती. युक्तिवाद करताना तिचा पारा लवकर चढायचा. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा सोडून त्याला रागावूनच बसायची. अंगाने लहानखुरी, आवाज मात्र असा की ती आत बोलायला लागली की बाहेरच्या चहावाल्याला केस कुठवर आली ते कळायचं. कोट धुऊन धुऊन हिरवट झाला होता. नवा शिव म्हटलं की म्हणायची, "जज काय मले पाहाले येते का?" लग्न केलं नाही. सिंधूताई नवऱ्यामागे तिच्याकडे राहायला आली आणि दोघी बहिणी भांडत, एकमेकींचं पथ्यपाणी सांभाळत राहिल्या. तिचं खरं काम कोर्टाच्या बाहेरचं होतं. कोणाला पकडून नेलं आणि घरच्यांना पत्ता नाही, की ती माणसं विमलच्या पडवीत येऊन बसत. धरून नेलेला माणूस आता नेमका कुठे आहे, हे ती शोधून द्यायची.

शहरातल्या वाचकाला वाटेल, यात शोधायचं काय? अटक झाली की ठाण्यात नोंद होते, मग कोर्ट, मग कोठडी, सगळं लिहिलेलं असतं. असतंच. आता तर मोबाईलवरही पाहता येतं. मीच एकदा मोठ्या रुबाबात विमलला ते दाखवायला गेलो होतो. तिने पडवीतल्या एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "विचारा त्याले, काय टाकाचं यात." मी विचारलं. ठाणं? माहीत नाही. तारीख? "तेंदूपत्ता चालू होता जी." गुन्हा कोणता? "त्याच्याजवळ काईच नव्हतं." मी फोन खिशात घातला. आमच्या भागात माणूस धरला जातो एका तालुक्यात, कोर्टापुढे उभा होतो दुसऱ्यात, आणि कोठडीसाठी जातो तिसरीकडेच. तिथे जागा नसली तर अजून पुढे, नागपूरला. दुखणं निघालं तर दवाखान्यात. घरच्यांना कळवलेलं असतं कागदोपत्री. कोणाला, ते त्या कागदालाच ठाऊक. जामीन मंजूर होऊनही कितीजण आत बसून असतात, कारण जामीनदार नाही. जामीनदार नाही कारण घरच्यांना पत्ताच नाही. माणूस हरवलेला नसतो. तो कुठे आहे हे कोणाला ना कोणाला माहीत असतं. फक्त ज्याला पाहिजे त्याला माहीत नसतं.

विमलच्या कामाची एक रीत होती, आणि ती तिने ठेच लागून शिकलेली होती. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात नागभीडकडची एक आई तिच्याकडे आली होती, पोरगा कुठे आहे म्हणून विचारत. विमलने जेलात चौकशी केली, नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं जुळलं. आईला निरोप गेला. आई भाकरी आणि जवसाची चटणी बांधून भेटीला गेली, आणि जाळीपलीकडे दुसराच पोरगा येऊन उभा राहिला. तीच ती नावं ठेवणारी, एकाच आडनावाची घरं गावोगाव असतात, त्यातलाच तो. विमल सांगायची, "मले वाटलं बाई आता माझा गळा धरते." बाईने तसं काही केलं नाही. ती थोडा वेळ त्या पोराकडे पाहत राहिली आणि शिपायाला म्हणाली, "आता आलीच हावो तं यालेच खाऊ घाला. याची माय कुठी असन कोन जाने." तिचा पोरगा पुढे सापडला, दुसऱ्या जेलात. पण विमलच्या मनातून ती जाळी काही गेली नाही. त्या दिवसापासून ती खूण मागायला लागली.

खूण म्हणजे असं. पडवीत आलेल्या माणसाला ती विचारायची, "त्याले काय विचारू?" असा प्रश्न, की ज्याचं उत्तर घरच्यांना किंवा त्यालाच माहीत. मग जेलात जाऊन, नाहीतर तिथल्या ओळखीच्या बाबूकरवी, ती तो प्रश्न त्या माणसापर्यंत पोचवायची, उत्तर आणायची, आणि घरच्यांच्या पुढ्यात ठेवायची. पटलं तर माणूस सापडला. नाही पटलं तर पुन्हा शोध. लोक काय काय विचारत! एका म्हातारीने विचारलं, तुझ्या बहिणीच्या लग्नात कोण रुसलं होतं? एका बापाने विचारलं, डाव्या बैलाला काय खोड आहे? मी शेजारच्या टेबलावरून हे सगळं ऐकायचो आणि म्हणायचो, "विमल, याला कायद्यात आधार काय?" ती म्हणायची, "तुमच्या सातबाऱ्यावर जिता मानूस मेलेला असते, मेलेला जिता असते. तुमी नका सांगू आधार."

दुसरी एक रीत. नवऱ्याच्या शोधात आलेली बाई एकटी आली तर विमल तिला दुसरं कोणी सोबत आणायला सांगायची. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. खेड्यातल्या घेत नाहीत आणि जंगलातल्याही घेत नाहीत. जेलाच्या खिडकीतला माणूस खेकसतो, "नाव सांग, नाव!" आणि बाई पदर तोंडात धरून उभी. विमल स्वतः देवाधर्माची नव्हती, पण या बाबतीत तिने कोणाला शहाणपण शिकवलं नाही. नाव घ्यायला नणंद आण, जाऊ आण, म्हणायची. ज्या दिवशी माणूस हरवलाय त्या दिवशीच बाईने रीत मोडावी असा हट्ट कशाला, हे तिचं म्हणणं.

आणि खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, डबा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत माणूस जेवणावाचून एक वेळ राहील, खर्ऱ्यावाचून राहणार नाही. भेटीला निघालेली माणसं हमखास कमरेला, लुगड्याच्या ओच्यात, भाकरीच्या घडीत खर्रा लपवून न्यायची, आतल्याला तलफ आली असेल म्हणून. फाटकावर झडती झाली की खर्रा निघायचा, भेट रद्द व्हायची, आणि एवढ्या लांबून आलेली माणसं तशीच परत. म्हणून विमल पडवीतच झडती घ्यायची. "काढा काढा, मले मालूम आहे." निघालेल्या पुड्या मोर छापलेल्या एका पत्र्याच्या डब्यात जात. परतताना ज्याची त्याला मिळायची, पण बरेच जण विसरून जात, आणि मग त्या पुड्यांचा वारस मी. मी तिच्याकडे रोज संध्याकाळी चहाला जायचो तो चहासाठी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी माझ्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला, डॉक्टरने खर्रा बंद करायला सांगितलं. मी हे कोणाला बोललो नव्हतो, तिला कसं कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी डबा जागेवर नव्हता. विचारलं तर म्हणाली, "ठेवला सांभाळून." कुठे? "तुमी मेल्यावर सांगीन." मी चिडून दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, नुसता चहा प्यायलो.

दसरूचं प्रकरण तिच्याकडे दिवाळीनंतर आलं. त्याची बायको मैनी, धानोऱ्याच्याही पुढच्या एका जंगलातल्या गावची, मराठी जेमतेम समजणारी. तिला घेऊन आली तिची नणंद, म्हणजे दसरूची बहीण. ती लग्न होऊन ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात आलेली, धानाच्या बांध्यांत रोजीने जाणारी, बोलायला खमकी. दसरू उन्हाळ्यात जंगलात गेला तो परत आला नाही. शेजारच्या गावच्या दोन बायांनी लांबून पाहिलं होतं, खाकीवाल्या माणसांनी त्याला गाडीत घातलं. म्हणजे पोलिसांनी नेलं. घरचे एकेक ठाणं फिरले. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे नाही. इकडच्या मुलखात हे उत्तर ऐकलं की लोक माणूस मेलाच असं धरून चालतात. त्यात पावसाळ्यात नदीला एक प्रेत लागलं, ओळख न पटण्यासारखं. गावाने मान खाली घातली, तोच असणार. मग गायत्याने, म्हणजे त्यांच्या गावच्या पुजाऱ्याने, ठरवलं की नवं धान घरात आलं की दसरूची क्रिया करून टाकायची. मेलेल्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. एकदा क्रिया झाली की दसरू त्यांच्या मेलेल्यांत जाऊन बसणार, मैनी विधवा, आणि पुढे दिराच्या घरात जायचं की माहेरी, ते पंच ठरवणार. मैनीला हे पटत नव्हतं. का पटत नव्हतं ते तिला सांगता येत नव्हतं. "ते म्हनते, मले तसं वाटून नाई राह्यलं," नणंद एवढंच सांगायची.

विमलने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा ऐकलं, मग एकच विचारलं, "त्याले नेलं तवा गाडीत अजून काय घातलं?" नणंदेने गोंडीत विचारलं. मैनीने त्या बायांकडून ऐकलेलं सांगितलं, लाकूडबी घातलं. घराच्या आढ्यासाठी दसरूने सागाचं लाकूड तोडलं होतं. विमलने कपाळावर हात मारला. पोलीस माणसाला नेतात, लाकूड कशाला नेतील? ते जंगलवाले होते. खाकी त्यांचीही असते, आणि आमच्याकडे खाकी दिसली की तोंडून निघतं ते पोलीस. अख्खा पावसाळा ही माणसं चुकीच्या दारांवर विचारत फिरली होती. ठाण्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, त्यांच्याकडे तो खरंच नव्हता. संध्याकाळी चहा पिताना मी म्हटलं, "वा, मोठी कामगिरी केलीस." ती खेकसली, "कायची कामगिरी? सहा महिने कोनी तिले एवढं विचारलं नाई, याची लाज वाटून राह्यली मले."

मग वनखात्याचं कार्यालय, तिथून कोणत्या कोर्टात उभा केला ते, तिथून कोठडी कुठली ते, असं करत ती जेलापर्यंत पोचली. नाव सापडलं. पण नावावर तिचा विश्वास कधीच नव्हता. तिने मैनीला विचारलं, त्याले काय विचारू? मैनी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसली आणि मग गोंडीत जे बोलली ते ऐकून नणंद हसायलाच लागली. म्हणाली, "कुऱ्हाड कुठी ठेवली विचारा म्हनते. घरात एकच होती." मी तिथेच होतो. नवरा जिता आहे की मेला याचा पत्ता नाही आणि हिला कुऱ्हाडीची पडली, असं माझ्या मनात आलं. विमलने मात्र तो प्रश्न जसाच्या तसा बाबूला कळवला. रविवारी. सोमवारी ती कामावर आली, माझ्याशी धुऱ्यावरून भांडली, आणि मंगळवारी पहाटे गेली.

तर त्या मंगळवारी मी फोन ठेवला आणि पडवीत आलो, तेव्हा दसरूची बहीण पायरीशी उभी होती. तिला इथलं काही माहीत नव्हतं. मैनीने निरोप धाडला होता, येताना बाईला शेवटचं विचारून ये. क्रिया त्याच दिवशी संध्याकाळी होती. मी तिला बाजूला घेऊन विमलचं आणि फोनवरचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "सांजेच्या आत पोचलं पाह्यजे जी. तिथी फोन लागत नाई." सकाळची बस चुकली होती, पुढच्या बसने ती रात्रीपर्यंत पोचली नसती. माझी गाडी दारातच उभी होती. आत विमल होती, दुपारी न्यायचं ठरलं होतं, लोक सामान आणायला गेले होते... मी आत जाऊन सिंधूताईपुढे उभा राहिलो. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "जाजो तू. इथी तिले न्याले मानसं आहेत. तिथी कोन आहे?" मी विमलच्या पायाला हात लावला आणि निघालो. मागे कोणीतरी पुटपुटलं, एवढ्या वर्षांची मैत्री अन् घाटापर्यंत थांबवलं नाही याच्याने. ते मला ऐकू आलं.

वैनगंगेचा पूल ओलांडताना मी खाली पाहिलं नाही. त्याच नदीच्या काठी, थोडं वरच्या अंगाला, दुपारी विमलला नेणार होते. आरमोरी, गडचिरोली, धानोरा, आणि मग डांबर संपल्यावरचा रस्ता. नणंद वाटेत एकदाच बोलली, "बाई जेवली होती का राती?" मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं.

दिवस बुडायला आला होता तेव्हा पोचलो. मोकळ्या जागेत माणसं बसली होती, कडेला बोकड बांधला होता, मोठ्या भांड्यात भात शिजत होता, आणि एका सुपात नवे तांदूळ होते. नणंद गाडी थांबायच्या आतच उतरली आणि गोंडीत ओरडत पुढे गेली. सगळे उठले. गायता मात्र बसूनच राहिला. म्हातारा, डोळ्यात मोतीबिंदू, पण बोलणं तोलूनमापून. मला विचारलं, "तुमी पाह्यलं त्याले?" मी नाही म्हटलं. "बाईनं पाह्यलं?" नाही. "मंग?" कोर्टात मला इतक्या सरळ प्रश्नाला कधी तोंड द्यावं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "त्याने निरोप दिलाय. कुऱ्हाड नाल्याच्या अंगच्या मोहाच्या ढोलीत आहे." नणंदेने ते गोंडीत सांगायला आणि मैनी धावायला एकच गाठ पडली. बायकांच्या घोळक्यातून ती अशी निघाली की कोणाला अडवता आलं नाही. पोरंटोरं मागे धावली, मग बाप्येही. मी आणि गायता दोघेच त्या भाताशी बसून राहिलो.

ती परत आली तेव्हा हातात कुऱ्हाड होती. पातं गंजलेलं, दांडा वाळवीने खाल्लेला. जंगलवाले येताना दिसले तशी दसरूने ती ढोलीत सारली असणार, जप्त होऊ नये म्हणून. वकील म्हणून मी ती न पाहिलेलीच बरी. मैनीने कुऱ्हाड सुपातल्या तांदळांवर ठेवली आणि उभ्या उभ्या मोठ्याने काहीतरी बोलायला लागली. मला वाटलं विलाप करतेय. नणंद डोळे पुसत हसत होती. म्हणाली, "शिव्या देऊन राह्यली त्याले. पानकाळाभर कुऱ्हाड सडवली म्हनते, आता दांडा कोन घालन?" नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

गायत्याने बोकड सोडायला सांगितला. मग मला विचारलं, बाई का आली नाही. मी नणंदेकडे पाहिलं. तिने सांगितलं. तिथे जो हसण्या-बोलण्याचा कलकलाट चालला होता तो हळूहळू बसत गेला. गायत्याने भात काढायला लावला, पळसाच्या पानावर त्यातला एक घास ठेवला, पाणी सोडलं आणि मला बाईचं नाव विचारलं. मी सांगितलं, "विमल." त्याने ते नाव घेऊन काहीतरी म्हटलं, जे मला कळलं नाही आणि मी नणंदेला विचारलंही नाही. दसरूसाठी शिजवलेला भात होता. ब्रह्मपुरीत तोपर्यंत सगळं आटोपलं असणार. मी तिथे, त्या अनोळखी माणसांत, पहिल्यांदा रडलो. नंतर सगळ्यांनी तोच भात खाल्ला, मीही खाल्ला.

दसरूच्या जामिनाचं पुढे माझ्याच गळ्यात पडलं. जामीन कधीच मंजूर झालेला होता, अडलं होतं जामीनदारावर. त्याला लागतो सातबारा, आणि सातबारा हा माझा प्रांत. नणंदेच्या नवऱ्याची थोडी जमीन होती, त्यावर भावाचं नाव लागलेलं, ते निस्तरलं. फौजदारी कोर्टात मी इतक्या वर्षांनी उभा राहिलो की बाररूममधली पोरं बघायला आली. दसरू सुटला तेव्हा फाटकाबाहेर मैनी होती, नणंद होती, मी होतो. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने दुसरीकडे पाहिलं. मग तो बहिणीला म्हणाला, "कुऱ्हाड भेटली का?" खुणेचं उत्तर देणारा तोच, तरी विचारत होता.

गेल्या आठवड्यात ती तिघं विमलच्या पडवीत येऊन गेली. सिंधूताईने पडवी बंद केलेली नाही. माणसं येतात, मी संध्याकाळी जाऊन बसतो, विमलचा फोन माझ्याजवळ असतो, तो वाजला की उचलतो. फार काही जमतं असं नाही. पण "त्याले काय विचारू?" हे मी विचारायला शिकलो आहे. मैनीने मोहफुलं आणली होती, वाळवलेली, पानाच्या दोन्यात. ती विमलच्या खुर्चीवर ठेवली. मग नणंदेच्या कानात काहीतरी बोलली. नणंद म्हणाली, "ते म्हनते, बाईले काई विचाराचं राह्यलं असन तं सांगा. आमच्याकडं गायता विचारते मेलेल्या मानसाले. उत्तर आनून देऊ म्हनते." सिंधूताई माझ्याकडे पाहायला लागली. विचारायचं तर पुष्कळ होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "डबा कुठी ठेवला, विचारा."

सिंधूताई आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला. मैनी हसली नाही. तिने तो प्रश्न नणंदेकडून नीट समजून घेतला, मान हलवली, आणि उठली. तिच्या लेखी यात हसण्यासारखं काही नव्हतं.

उत्तर अजून आलेलं नाही. घर काही मोठं नाही, दोन खोल्या आणि पडवी, शोधला तर तासाभरात डबा सापडेल. सिंधूताईने दोनदा विचारलं, बघू का? मी नको म्हटलं.